अठराच्या आतलं बाळंतपण आणि सरकारी तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, परभणी, जालना या भागात किशोरी मुलींचे गट चालवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही सरपंचांनी विचारलेले, काही मुख्याध्यापकांनी, काही मुलींच्या आयांनी. आमची मागणी एकच आहे. अठराच्या आत कोणत्याही मुलीवर बाळंतपण येऊ नये यासाठीचं काम सरकारने स्वतःच्या पैशातून, दरवर्षी, न चुकता चालवावं. रस्ता आणि पाणीपुरवठा यांच्यासाठी अंदाजपत्रकात जशी तरतूद असते, तशी यासाठी असावी.

हा प्रश्न खरंच एवढा मोठा आहे का? आमच्या गावात तर असं काही कानावर आलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींना विचारलं गेलं. त्यातल्या आई झालेल्या किंवा त्या वेळी गरोदर असलेल्या मुली देशभरात ६.८ टक्के निघाल्या. महाराष्ट्रात हा आकडा ७.६ टक्के आहे. आपण स्वतःला पुढारलेलं राज्य म्हणवतो, पण इथे आपण देशाच्या सरासरीच्याही मागे आहोत. २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्या राज्यात २१.९ टक्के. परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के. म्हणजे परभणी जिल्ह्यात जवळजवळ दर दुसरी.

सुधारणा झालीच नाही असं नाही. आधीच्या फेरीत (२०१५-१६) राज्यात बालविवाह २६.३ टक्के होते आणि किशोरवयीन गर्भधारणा ८.३ टक्के. पण दुसरा आकडा किती हळू खाली आला आहे ते बघा. पाच वर्षांत एक टक्काही नाही.

गावात हे कानावर येत नाही, कारण गावात याला ‘किशोरवयीन गर्भधारणा’ म्हणतच नाहीत. सुनेला दिवस गेले, एवढंच म्हणतात, आणि ती बातमी आनंदाची असते. दवाखान्याच्या रजिस्टरात सोळा वर्षांच्या मुलीचं वय १९ लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. लिहिणाऱ्या सिस्टरला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, मुलीलाही माहीत असतं. कागदावर मात्र ती मुलगी दिसत नाही, आणि जी कागदावर नाही तिच्यासाठी कुणी पैसा मागत नाही.

या तर लग्न झालेल्या मुली. मग यात अडचण काय आहे?

मुलीच्या शरीराला लग्नाचा दाखला कळत नाही. देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अंगात रक्त नाही, कमरेची हाडं पुरती वाढलेली नाहीत, आणि त्यातच गर्भ वाढवायचा. या वयात गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो, प्रसूती अडण्याचा जास्त असतो, बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा जास्त असतो. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गर्भधारणा आणि बाळंतपणातली गुंतागुंत येते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिलं मूल सतराव्या वर्षी झालं की दुसरं बहुधा विसाव्याच्या आत होतं, आणि शाळेचा विषय तिथेच संपतो.

लग्नाबाहेरच्या गर्भधारणाही आहेत आणि त्यांचं दुःख वेगळं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी भागातल्या कोलाम समाजातल्या कुमारी मातांबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. बाहेरून आलेल्या ठेकेदार-कामगारांनी फसवून सोडून दिलेल्या त्या मुली. नात्यातल्या माणसाने केलेल्या अत्याचारातून राहिलेले गर्भही असतात. या सगळ्यांसाठी लागणारी व्यवस्था सारखीच आहे: जवळ कुणीतरी विश्वासाचं माणूस आणि दार उघडं असलेला दवाखाना.

लोकांना कळत नाही का? इतक्या लवकर लग्न लावतातच कशाला?

कळतं. ज्या आईचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, तिला आपल्याहून जास्त कळतं. म्हणून ‘जनजागृती’ या एका शब्दावर सगळी तरतूद संपवणाऱ्या योजनांवर माझा विश्वास नाही.

ऊसतोडीचं उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला तेवढी उचल मिळत नाही. म्हणजे मुलाचं लग्न झालं की घरात एक नवा कोयता तयार होतो. मुलीच्या बापाची अडचण निराळी. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सहा महिने कुठे ठेवायची? म्हाताऱ्या आजीच्या जिवावर गावात ठेवली तर रात्रीची काळजी. फडावर बरोबर नेली तर शाळा गेली, आणि कोपीला, म्हणजे फडाजवळच्या झोपडीला, दार नसतं. आई पहाटे चारला फडात जाते, आणि मागे कोपीत धाकट्या भावंडांबरोबर ती मुलगी एकटी. अशा वेळी आलेलं स्थळ बापाला सुटका वाटते. त्यात मुलगी लहान असली तर हुंडा कमी, आणि थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकलं तर एका खर्चात दोघी.

त्या बापाला बालविवाहाचे दुष्परिणाम सांगणारं पत्रक देऊन काय होणार आहे? त्याच्यापुढचा प्रश्न साधा आहे: सहा महिने माझी पोर सुरक्षित कुठे राहील? याचं उत्तर वसतिगृह आहे, आणि वसतिगृहाला पैसा लागतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. किशोरवयीन गर्भधारणा रोखणारी ही राज्यातली एक महत्त्वाची योजना आहे, असं मी मानते, जरी तिच्या कागदपत्रात तसा शब्दही नसला तरी. मुलीला तिथे पलंग मिळाला की त्या वर्षी तरी तिचं लग्न टळतं. म्हणून त्या वसतिगृहांची संख्या, त्यातली महिला अधीक्षक, कुंपण, संडास, जेवणाचं बिल वेळेवर निघणं या गोष्टी आम्ही बारकाईने विचारत राहतो.

कायदा आहे, पोलीस आहेत. मग वेगळा निधी कशाला?

कायदा असायलाच हवा. त्यासाठी या मातीतल्या बायकांनी मोठी किंमत मोजली आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला आणि १८८४ पासून मुंबईत तो खटला गाजला. १८९१मध्ये संमतिवयाचा (शरीरसंबंधाला संमती देण्याच्या वयाचा) कायदा झाला, दहाचं वय बारा झालं, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. १९७८मध्ये ते अठरा झालं. २००६मध्ये आजचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. म्हणजे लग्नाच्या किमान वयाला कायद्याची रेषा आखून शंभर वर्षं होत आली, आणि परभणीचा आकडा अजून ४८ आहे.

महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलं, जन्म-मृत्यू नोंदी आणि कधी दोन गावांचा कारभार. लग्न थांबवायला गेला की ज्या माणसांबरोबर त्याला रोज काम करायचं, त्यांच्याशीच वैर. अंगणवाडीताई तर त्याच गावात राहते. तिने १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं. या माणसांना पाठबळ द्यायचं तर तालुक्याला यासाठी नेमलेला पूर्णवेळ माणूस हवा, आणि त्याचा पगार कुठल्या तरी लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून, निघायला हवा.

केवळ पोलिसी मार्गाने काय होतं ते आसामने दाखवलं. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे बालविवाहांवरून हजारो माणसांना अटक झाली. नवरे तुरुंगात गेले, पोटुशी मुली मागे राहिल्या, आणि नाव उघड होईल या भीतीने मुली दवाखान्यात जायला घाबरू लागल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४च्या निकालात शिक्षेच्या आधी प्रतिबंध आणि संरक्षण यांच्यावर भर दिला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?

आपल्याच भागातला अनुभव आधी सांगते. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्ग चालवला. वर्षभर, आठवड्याचे कामाचे दिवस, रोज संध्याकाळी एक तास. शिकवणारी बाई त्याच गावातली, थोडं शिकलेली, संस्थेने तयार केलेली. विषय होते आपलं शरीर, आहार, पाळी, कायदा, बँक आणि पोस्ट, घरच्यांशी बोलायचं कसं. या गावांत झालेल्या लग्नांत ११ ते १७ वयाच्या मुलींची लग्नं १९९७मध्ये सुमारे ८१ टक्के होती, ती २००१मध्ये सुमारे ६२ टक्क्यांवर आली. ज्या गावांत वर्ग नव्हता तिथे असा फरक पडला नाही. यात महागडं काय होतं? एक खोली, एक बाई, एक तास. फक्त तो तास रोज व्हायला लागतो. महिन्यातून एकदा मंडप टाकून भाषण केल्याने हे होत नाही.

त्या वर्गाने आणखी एक केलं. वर्गात येणारी मुलगी गावाच्या डोळ्यांत ‘शिकणारी पोर’ झाली. तिच्याविषयी बोलायला, तिच्या बापाशी चार शब्द बोलायला गावात एक बाई तयार झाली.

याशिवाय दोन गोष्टी. पहिली, सातवी-आठवीनंतरची शाळा आणि तिथवर जाण्याचं साधन. बिहारने २००६मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासकांनी मोजलं. आपल्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या आहेत. पण शाळा सुटल्यावरची फेरी रद्द झाली की पासचा उपयोग नाही, आणि दोनदा अंधारात घरी आलेल्या मुलीची शाळा तिसऱ्यांदा बंद होते. म्हणून एसटीची संध्याकाळची फेरी हाही आमच्या मागणीतला विषय आहे.

दुसरी, दवाखाना. याविषयी पुढे लिहिलं आहे.

त्यापेक्षा थेट मुलीच्या खात्यात पैसे टाकले तर?

टाकावेत, मदतच होते. पण तेवढ्याने भागेल असं समजू नये. पश्चिम बंगालची कन्याश्री योजना २०१३पासून चालू आहे. अठरापर्यंत अविवाहित राहून शिकणाऱ्या मुलीला एकरकमी २५,००० रुपये मिळतात. २०१७मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. शाळेत मुली टिकल्या हे खरं. पण राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत बंगालमधला बालविवाहांचा आकडा ४१.६ टक्केच राहिला, आणि १५ ते १९ वयोगटात आई झालेल्या किंवा गरोदर मुली १६.४ टक्के, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त.

आपल्या राज्याची लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातल्या मुलींसाठी आहे. टप्प्याटप्प्याने मिळून १,०१,००० रुपये, त्यातले ७५,००० अठरा पूर्ण झाल्यावर. चांगली योजना आहे. मात्र तो शेवटचा हप्ता पहिल्या मुलीच्या हाती पडेल २०४१मध्ये. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी या योजनेत नाही, आणि तिच्यासाठी येत्या तीन वर्षांत काय आहे हा आमचा सवाल आहे.

पण सरकारच्या योजना आहेतच की. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे ना?

आहे, आणि कागदावर तो उत्तम आहे. जानेवारी २०१४मध्ये सुरू झाला, १० ते १९ वयाच्या सगळ्यांसाठी. पोषण, प्रजनन आरोग्य, मनाचं आरोग्य, व्यसन, हिंसा हे सगळं त्यात येतं. गावातलीच मुलंमुली साथी म्हणून तयार करायची आणि रुग्णालयात किशोरांसाठी वेगळा कक्ष चालवायचा. महाराष्ट्रात या कक्षाचं नाव मैत्री क्लिनिक.

या क्लिनिकांची अवस्था जागोजागी वेगळी आहे. जिथे समुपदेशक मन लावून काम करतात तिथे मुली मैत्रिणींना घेऊन येतात. पण मी असं क्लिनिकही पाहिलं आहे, जिथे दारावर पाटी आहे आणि आत लसींची खोकी. समुपदेशकाचं पद कंत्राटी, ते सोडून गेले, नवी भरती झाली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी क्लिनिकची वेळ सकाळी दहा ते एक होती. त्या वेळी मुलगी शाळेत असते किंवा कापूस वेचायला.

योजना कशा आक्रसतात याचं एक उदाहरण देते. २०१०मध्ये केंद्राने किशोरींसाठी सबला योजना सुरू केली तेव्हा ती २०० जिल्ह्यांत, ११ ते १८ वयाच्या मुलींसाठी होती. पुढे ती ११ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती झाली. २०२२पासून ती १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी आहे, पण ईशान्येकडची राज्यं आणि आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेले) जिल्हे एवढ्यांपुरतीच. महाराष्ट्रात आकांक्षित जिल्हे चार: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, धाराशिव. परभणी त्यात नाही. बीडही नाही.

योजनेचं नाव बदलतं, वयोगट बदलतो, जिल्हे बदलतात, आणि मुलगी दर वेळी कुठल्या तरी रेषेच्या पलीकडे राहते. म्हणून राज्याच्या अंदाजपत्रकात या कामाचं स्वतंत्र लेखाशीर्ष आम्ही मागतो. केंद्राची योजना बदलली तरी राज्याचं काम थांबू नये.

मुलामुलींना हे सगळं शिकवलं तर ती बिघडणार नाहीत का?

हा प्रश्न आई-वडील काळजीने विचारतात, म्हणून त्याला काळजीनेच उत्तर द्यायला हवं. युनेस्कोने जगभरातले अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष असा आहे की शाळेत नीट, वयाला साजेसं लैंगिक शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत. काही ठिकाणी ती उलट थांबतात, आणि ठेवलेच तर काळजी घेतात. फक्त ‘संयम पाळा’ एवढंच सांगणाऱ्या वर्गांचा असा परिणाम दिसलेला नाही.

२००७मध्ये आपल्या राज्याने शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम बंद केला. तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे, आणि तिचीच मुलगी आज आमच्या गटात येते. मधल्या काळात हातात मोबाईल आले. शिक्षकांनी सांगायचं टाळलं ते मुलांनी पडद्यावर पाहिलं, तेही हिंसक आणि खोटं. आणि आठवण म्हणून सांगते, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१मध्ये उघडलं होतं. या विषयावर उघड बोलणं महाराष्ट्राला नवीन नाही.

आमचा अनुभव असा की वर्गाचा अभ्यासक्रम आधी आयांना दाखवला की विरोध बहुतेक विरतो. बऱ्याच आया शेवटी मागच्या बाकावर येऊन बसतात, कारण त्यांनाही हे कुणी सांगितलेलं नसतं.

मुलग्यांचं काय?

त्यांच्यासाठीही वर्ग हवेत आणि तरतुदीत त्यांचा हिस्सा असायला हवा. एकवीस-बावीस वर्षांच्या नवऱ्याला निरोध कुठे मिळतो, बायकोचं वय काय, पहिलं मूल पुढे ढकलायचं असेल तर आईशी काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. नव्या जोडप्याच्या घरी आशाताईने पहिल्या महिन्यातच जावं, आणि त्या भेटीचा मोबदला तिला वेगळा मिळावा.

सामाजिक संस्था आणि कंपन्यांचा निधी यावर हे काम चालू शकत नाही का?

सुरू होऊ शकतं, टिकत नाही. प्रकल्प तीन वर्षांचा असतो. पहिलं वर्ष गावाचा विश्वास मिळवण्यात जातं, दुसऱ्या वर्षी काम उभं राहतं, तिसऱ्या वर्षी अहवाल लिहायची वेळ येते. मुलगी मात्र बारा ते अठरा अशी सहा वर्षं त्या वयात असते. एका गावात आमचा वर्ग निधी संपल्यावर बंद पडला. सातवीत असताना आलेली मुलगी दहावीत गेली तेव्हा तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. तिचं लग्न झाल्याचं मला फोनवर कळलं. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २००९मध्ये तिथे खाजगी देणगीच्या पैशातून सरकारी दवाखान्यांत तरुण मुलींना दीर्घकाळ टिकणारी गर्भनिरोधकं मोफत द्यायला सुरुवात झाली. काही वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं जवळपास निम्म्यावर आली. देणगी संपत आली तेव्हा, २०१५मध्ये, विधिमंडळाने पैसा नाकारला. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकातून २५ लाख डॉलर मंजूर झाले. देणगीने रस्ता दाखवला, पण शेवटी भार राज्यालाच उचलावा लागला. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, लग्नाचा प्रश्न मधे आहे, त्यामुळे उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. पैशाविषयीचा धडा मात्र आपल्यालाही लागू आहे.

सरकारी पैशाने हे कुठे साधलं आहे का?

इंग्लंडमध्ये. १९९९मध्ये तिथल्या सरकारने दहा वर्षांचा आराखडा केला, प्रत्येक भागात समन्वयक नेमला, शाळेतलं शिक्षण आणि दवाखाना एकमेकांना जोडले. अठराच्या आतल्या गर्भधारणा १९९८मध्ये हजार मुलींमागे ४६.६ होत्या. २०१४मध्ये २२.८. लगेच काही दिसलं नाही. पहिली काही वर्षं घट इतकी संथ होती की टीका होत राहिली, आणि मोठी घट नंतर आली. आमदार-खासदारांना भेटताना मी हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे दुसऱ्या वर्षीच ‘फरक काय पडला’ असं विचारून तरतूद कापली जाते.

आधीच तिजोरीवर ताण आहे. हा खर्च परवडेल का?

हा खर्च आजही होतोच आहे, फक्त दुसऱ्या खात्यातून. रक्ताच्या पिशव्या, सिझेरियन, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातले दिवस, कुपोषित बाळाचा पाठपुरावा, मधेच शाळा सोडलेल्या मुलीवर त्याआधी झालेला शिक्षणाचा खर्च. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची शासनाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे खाजगी दवाखान्यांचा लोभ आहे, कामाची सक्ती आहे, खाडा केला की कापला जाणारा पैसा आहे. आणि लहान वयात लग्न, विशीतच दोन-तीन बाळंतपणं, लगेच फडावर परत, हीसुद्धा त्याच गोष्टीची सुरुवात आहे. या बायकांनी कर्ज काढून शस्त्रक्रिया केल्या. सरकारने वाचवलेला पैसा त्यांनी उचल घेऊन भरला.

लग्नाचं वय एकवीस केलं तर प्रश्न सुटेल का?

मला नाही वाटत. ते विधेयक २०२१मध्ये आलं होतं आणि सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. अठराचीच अंमलबजावणी होत नसताना वय वाढवलं तर आणखी लग्नं लपवली जातील. आधी अठरापर्यंत पोचवणारी वसतिगृहं बांधू.

एखादी मुलगी आधीच गरोदर असेल तर काय करायचं?

आधी तिला दवाखान्यात न्यायचं. तिला बोल लावायचा नाही, आशाताईलाही लावू द्यायचा नाही.

कायद्याची बाजू अशी. अठराच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पत्नीही त्याला अपवाद नाही. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. याच भीतीने घरचे मुलीला लपवतात किंवा बोगस डॉक्टरकडे नेतात, आणि तिथे जीव जातो. गर्भपात करायचा असेल तर २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, त्यापुढे दोघांचं, आणि पालकाची लेखी संमती. सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने किंवा पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव-गाव देणं गरजेचं नाही. हे फार थोड्या दवाखान्यांत माहीत आहे. डॉक्टर आणि सिस्टर यांचं प्रशिक्षण हीसुद्धा तरतुदीची बाब आहे.

मूल ठेवायचं असेल तर तिची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, रक्ताची तपासणी दर भेटीत व्हावी, आणि बाळंतपण सरकारी रुग्णालयातच व्हावं, शक्यतो जिथे रक्ताची सोय आहे तिथे. नंतर पाळणा लांबवण्यासाठी अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, तांबी हे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. तिच्यासाठी काय योग्य ते डॉक्टर बघून सांगतील. तिला पुन्हा शाळेत घालता येतं, किमान सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म भरून दहावीला बसवता येतं. बालविवाह झाला असेल तर सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेऊ शकते, आणि तिचं मूल औरसच राहतं.

मी एकटी किंवा एकटा काय करू शकतो?

ग्रामसभेपासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. ती कशावर गेली ते विचारा. बऱ्याच ठिकाणी खुर्च्या, सतरंज्या नाहीतर शिलाई मशीन असं उत्तर मिळेल. त्यातून किशोरी वर्गाच्या बाईचं मानधन निघू शकतं. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे बायकांनी हा विषय आधी मंजूर केला की ग्रामसभेत तो टाळणं अवघड जातं.

जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आमदार-खासदार तिथे बसतात. आराखडा ठरण्याआधी, म्हणजे हिवाळ्यातच त्यांना भेटा. मार्चमध्ये भेटून उपयोग नसतो, तेव्हा पैसे संपवायची घाई असते.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना चार गोष्टी विचारा: मैत्री क्लिनिक कुठे आहे, समुपदेशकाचं पद कधीपासून भरलेलं किंवा रिकामं आहे, गेल्या वर्षी किशोर स्वास्थ्य कार्यक्रमासाठी किती पैसे आले, आणि त्यातले किती परत गेले. तीस दिवसांत उत्तर येतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन पत्रकाराकडे जा.

ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा आम्ही वापरतो तो असा आहे. गावाचं नाव घालून खुशाल वापरा:

“मौजे ........ येथील ही ग्रामसभा ठराव करते की, महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून गावात ११ ते १८ वयाच्या मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा किशोरी वर्ग वर्षभर चालवावा व वर्ग घेणाऱ्या स्थानिक महिलेस दरमहा मानधन द्यावे. शाळा सुटल्यानंतरची एसटी फेरी नियमित करण्यासाठी आगार व्यवस्थापकांना पत्र द्यावे. ऊसतोडीस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबातील मुलींची यादी गणेशोत्सवापूर्वी करून त्यांच्या वसतिगृह प्रवेशासाठी समाजकल्याण विभागाकडे पाठवावी. या तिन्ही कामांचा आढावा दर ग्रामसभेत घ्यावा.”